स्नानगृहातील टाइलांची भिंत-फलकांसाठी पूर्वतयारी

स्नानगृहाच्या भिंतींवर आधीपासून असलेल्या चकचकीत टाइला न काढता त्यांवर प्लास्टिक, लॅमिनेट किंवा तत्सम पदार्थांचे जलरोधी फलक बसवण्यापूर्वी त्या टाइलांची तपासणी, दुरुस्ती, स्वच्छता, समतलीकरण व जलरोधन करण्याच्या कामास भिंत-फलकांची पूर्वतयारी किंवा पृष्ठभाग-तयारी म्हणतात. फलक बसवण्याचे काम बहुधा एका-दोन दिवसांत उरकते. पूर्वतयारीला मात्र अनेकदा आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. फलक किती वर्षे टिकतील आणि त्यांच्यामागची भिंत कोरडी राहील की नाही, हे मुख्यतः या पूर्वतयारीवर अवलंबून असते. फलक भिंतीवरील डाग झाकतात, परंतु ओल थांबवत नाहीत. म्हणून सदोष भिंतीवर बसवलेले फलक हे दुरुस्ती नसून दोषावरचे आच्छादन ठरतात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील जुन्या घरांत स्नानासाठी मोरी किंवा न्हाणीघर असे. तेथे जमिनीवर शहाबादी फरशी आणि भिंतीला गुडघ्या-कमरेएवढ्या उंचीपर्यंत सिमेंटचा घोटीव गिलावा असे. पुढे सिमेंटच्या फरश्या आल्या. मुंबईत 1922 साली सुरू झालेली भारत फ्लोअरिंग टाइल्स ही या व्यवसायातील आरंभीची भारतीय संस्था होय. भिंतीवरील चकचकीत सिरॅमिक टाइलांचा प्रसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. एच. अँड आर. जॉन्सन (इंडिया) ही कंपनी 1958 मध्ये स्थापन झाली आणि नंतर गुजरातमधील मोरबी हे टाइल-उत्पादनाचे देशातील सर्वांत मोठे केंद्र बनले. त्या काळात बसवलेल्या टाइला बहुधा सिमेंट-वाळूच्या जाड मसाल्यावर बसवलेल्या असतात. त्या फोडून काढताना गिलावाही निघतो, कित्येकदा विटांचे तुकडे उडतात आणि भिंतीत दडवलेल्या नळ्या व तारा दुखावतात. तोडफोड, धूळ, मलबा आणि अनेक दिवस स्नानगृह बंद राहण्याची गैरसोय टाळण्यासाठी टाइलांवरच फलक बसवण्याची पद्धत रूढ झाली.

लकडगंजचा संदर्भ

नागपूर शहराच्या पूर्व भागातील लकडगंज ही वस्ती नावाप्रमाणेच लाकडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. नागपूर ही पूर्वीच्या मध्य प्रांताची राजधानी होती. त्या प्रांतातील जंगलांतून येणाऱ्या सागवानाला बाजारात आजही 'सी. पी. साग' या नावाने ओळखतात. लकडगंजात आरागिरण्या व लाकडाच्या वखारींबरोबर प्लायवुड, लॅमिनेट व घरसजावटीच्या साहित्याची दुकानेही आहेत. इमारती लाकडाची जागा जसजशी प्लायवुड, लॅमिनेट व प्लास्टिक-मिश्र फलकांनी घेतली, तसतसे स्नानगृहासाठीचे फलकही याच प्रकारच्या दुकानांतून विकले जाऊ लागले.

या परिसरातील पूर्वतयारीवर स्थानिक हवामानाचा व पाण्याचा ठळक परिणाम होतो. नागपुरात मे महिन्यात तापमान 45 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, तर हिवाळ्यातील रात्री ते 10 ते 12 अंशांच्या आसपास उतरते. वर्षाचा सुमारे 1,000 ते 1,100 मिमी पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. शहराला पेंच प्रकल्प व कन्हान नदीतून पाणीपुरवठा होतो. अनेक घरांत त्याच्या जोडीला विहीर किंवा बोअरचे पाणीही वापरतात. भूजल बहुधा दुष्फेन म्हणजे जड असल्याने टाइलांवर पांढरट क्षारांचे थर बसतात. उन्हाळ्यात घरोघरी चालणाऱ्या पाण्याच्या कूलरमुळे घराच्या आतील हवा बाहेरच्यापेक्षा बरीच दमट असते, ही बाबही ओलाव्याचे निदान करताना लक्षात घ्यावी लागते.

फलकांचे प्रकार व त्यांचा भार

पूर्वतयारी कोणत्या दर्जाची हवी, हे फलकाच्या प्रकारावर ठरते. प्रचारात पुढील प्रकार आढळतात.

पीव्हीसी फलक: हे आतून पोकळ, साधारणतः 5 ते 10 मिमी जाड व एकमेकांत अडकणाऱ्या पट्ट्यांच्या स्वरूपात मिळतात. वजनाने हलके असल्याने टाइलांवर त्यांचा भार थोडा येतो, परंतु उष्णतेने ते बरेच प्रसरण पावतात.

संगमरवरी नक्षीचे पत्रे: चुनखडीची भुकटी व पीव्हीसी यांच्या मिश्रणाचे हे पातळ पत्रे बाजारात 'यूव्ही शीट' या नावाने ओळखले जातात. जाडी सुमारे 3 मिमी असल्याने खालच्या पृष्ठभागातील उंचवटे त्यांवर उमटून दिसतात.

घन लॅमिनेट: राळेत भिजवलेल्या कागदांचे अनेक थर उष्णता व दाबाखाली एकजीव करून हे फलक बनवतात. लॅमिनेटचा उगम 1912 मध्ये अमेरिकेत लागलेल्या फॉर्मायकाच्या शोधात आहे. 6 मिमी जाडीच्या घन लॅमिनेटचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 8.5 किलोग्रॅम भरते.

काच: 6 मिमी काचेचे वजन दर चौरस मीटरला 15 किलोग्रॅम असते.

प्लायवुडवर चिकटवलेले लॅमिनेट: स्नानगृहात असे फलक वापरायचे झाल्यास आयएस 710 या भारतीय मानकानुसारचे सागरी प्लायवुड अपेक्षित असते, या मानकातील कसोटीत नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवला जातो. तरीही कापलेल्या कडा उघड्या राहिल्यास पाणी आत शिरते.

सुमारे 1.5 मीटर रुंद व 2.1 मीटर लांब स्नानगृहात 2.1 मीटर उंचीपर्यंत फलक लावल्यास, दाराची जागा वजा जाता, साधारण 13.5 चौरस मीटर क्षेत्र व्यापले जाते. 6 मिमी घन लॅमिनेटचा एकूण भार अशा वेळी सुमारे 115 किलोग्रॅम होतो. हा भार भिंतीवर थेट न येता जुन्या टाइला व त्यांच्यामागील मसाला यांच्या पकडीवर येतो. ही पकड सुटलेली असेल, तर फलक टाइलांसह निसटतो. सर्वांत आधी टाइलांची पकड तपासण्याचे कारण हेच होय.

तपासणी

पोकळ टाइलांचा शोध: नाण्याने किंवा पेचकसाच्या मुठीने प्रत्येक टाइल मध्यभागी व चारही कोपऱ्यांवर हलके ठोकतात. घट्ट बसलेली टाइल टणक आवाज देते, मागे पोकळी असलेली टाइल बद्द वाजते. अशा टाइलांवर खडूने खूण करतात. एखादी-दुसरी टाइल पोकळ असल्यास ती काढून जागा भरली जाते. परंतु खुणा सलग पट्ट्यात आल्यास त्या भागातील टाइला व सुटलेला गिलावा विटेपर्यंत काढणेच योग्य ठरते.

ओलीचे मूळ: ओल तीन मार्गांनी येते. नळीतील गळती, सांध्यांतून मुरणारे स्नानाचे पाणी, आणि बाहेरील भिंतीतून किंवा जमिनीतून येणारी ओल. ओलीचा डाग बाराही महिने सारखा राहत असेल, तर नळीतील गळतीचा संशय घेतात. स्नानगृह चार-पाच दिवस न वापरल्यावर डाग आटत असेल, तर सांधे किंवा जमिनीतील जलरोधन सदोष असते. डाग केवळ पावसाळ्यात वाढत असेल, तर बाहेरची भिंत किंवा गच्ची तपासावी लागते. तळापासून साधारण मीटरभर उंचीपर्यंतच ओल व क्षारांची पांढरी फूल दिसत असल्यास पायातून चढणारी ओल संभवते. नळ्यांची खात्री करण्यासाठी सर्व तोट्या बंद करून हातपंपाने नळीत दाब भरतात व दाबमापकाचा काटा उतरतो का ते पाहतात.

पारदर्शक कागदाची कसोटी: सुमारे 45 सेंटीमीटर चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करून 16 ते 24 तास ठेवतात. आतील बाजूस दव जमल्यास भिंतीत ओलावा आहे असे समजतात. तथापि टाइलेचा चकचकीत थर बाष्प जवळजवळ अडवून धरतो. म्हणून अखंड टाइलेवर केलेली ही कसोटी फसवी ठरू शकते. टाइल काढलेल्या उघड्या गिलाव्यावर ती घेणे अधिक विश्वसनीय असते.

जमिनीची कसोटी: न्हाणी ट्रॅपचे तोंड बंद करून जमिनीवर थोडे पाणी 24 ते 48 तास साठवतात व खालच्या मजल्याचे छत आणि लगतच्या भिंती पाहतात. जमीन गळत असल्यास भिंतीच्या फलकांचे काम थांबवून आधी जमीन दुरुस्त करणे आवश्यक असते.

ओळंबा व समतलता: ओळंब्याने भिंतीचा उभेपणा, गुण्याने कोपऱ्यांचा काटकोन आणि 2 मीटर लांब सरळ पट्टीने पृष्ठभागाची समतलता पाहतात. पट्टीखाली साधारणतः 3 मिमीपर्यंतची फट चालते. पातळ पत्र्यांसाठी त्याहूनही कमी अपेक्षित असते.

विजेची व नळाची तयारी

काम सुरू करण्यापूर्वी स्नानगृहाचा वीजपुरवठा मुख्य पेटीतून खंडित करतात. गीझरच्या जोडणीला योग्य भूसंयोग आणि 30 मिलीअँपिअर क्षमतेचे गळती-प्रवाह संरक्षक आहे की नाही, हे याच टप्प्यावर तपासतात. नळ्या व तारांचे मार्ग भिंतीवर आखून त्यांचे छायाचित्र मापांसह जपून ठेवल्यास पुढे छिद्र पाडताना अपघात टळतो.

फलकामुळे भिंतीची जाडी 3 ते 12 मिमी व चिकटद्रव्यासह त्याहून थोडी वाढते. तोट्यांना जोडतुकडे, विजेच्या पेट्यांना वाढीव चौकट आणि दाराच्या चौकटीशी जुळणारी कड यांची योजना आधीच करावी लागते. 15 लिटरच्या गीझरमध्ये पाण्याचेच वजन 15 किलोग्रॅम असते. म्हणून गीझर, हातधर दांडी व वजनदार कपाटे फलकाच्या आधारावर कधीही लावत नाहीत. त्यांचे खिळे-बोल्ट फलक व टाइल भेदून विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोलवर जावे लागतात. ज्येष्ठ व्यक्तींच्या आधारासाठीच्या दांडीची जागा तर फलक लावण्यापूर्वीच निश्चित करून तेथील भिंत मजबूत करणे इष्ट असते.

दुरुस्ती

साबणदाणी, आरसे, आकडे व जुने सिलिकॉन काढून टाकतात. जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन किंवा अन्य चिकटद्रव्य नीट धरत नाही. त्यामुळे त्याचा पातळ थरही खरवडून काढावा लागतो. सैल टाइला छिन्नी-हातोडीने काढून ती जागा पॉलिमरमिश्रित मसाल्याने भरतात. साधा सिमेंटचा मसाला वापरल्यास त्यावर किमान सात दिवस पाणी मारून नंतर तो पुरेसा वाळू द्यावा लागतो. ओला मसाला फलकामागे बंद झाल्यास त्यातील पाण्याला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. सुटलेले ग्राउट खरवडून सांधे नव्याने भरतात. टाइलांतील चिरा एकाच रेषेत अनेक टाइलांतून जात असतील, तर ती भिंतीची हालचाल दर्शवणारी खूण असते. अशा वेळी अभियंत्याचा सल्ला आवश्यक ठरतो.

स्वच्छता

टाइलांवरील मळ दोन प्रकारचा असतो आणि त्यांवरील उपायही भिन्न असतात. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो. तो सौम्य अल्कधर्मी द्रावण व घासणीने सुटतो. पाणी सुकून उरलेला कॅल्शियम कार्बोनेटचा थर मात्र आम्लानेच विरघळतो. त्यासाठी सायट्रिक आम्ल किंवा शिरका पुरेसा असतो. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ग्राउट व गिलावा खाते, म्हणून ते टाळतात. आधी साका, मग क्षार असा क्रम ठेवून प्रत्येक टप्प्यानंतर भरपूर पाण्याने भिंत धुतात.

बुरशीसाठी ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण वापरतात. ब्लीच व आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो आणि अमोनियायुक्त द्रवाशी ब्लीच मिसळल्यास क्लोरामाइन वायू तयार होतात. लहान, बंद स्नानगृहात हा धोका जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे ही द्रव्ये एकाच दिवशी वापरू नयेत आणि खिडकी व झरोका उघडा ठेवावा, असा संकेत आहे. भिंत पूर्ण वाळल्यावर तेलकट अंश घालवण्यासाठी स्पिरिटने पुसून घेतात व त्यानंतर तिला हात लावत नाहीत.

खरबरीतपणा व समतलीकरण

चकचकीत काचेसारख्या थरावर अनेक चिकटद्रव्ये पुरेशी धरत नाहीत. यावर दोन उपाय आहेत. पहिला, 60 ते 80 क्रमांकाच्या कागदाने किंवा हिऱ्याच्या चकतीने चकाकी मोडणे. दुसरा, बारीक वाळूचे कण असलेला बंधक लेप लावणे. टाइल घासताना उडणाऱ्या धुळीत स्फटिकी सिलिका असते. ती वारंवार श्वासावाटे गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य विकार होतो. म्हणून पृष्ठभाग ओला करून घासणे व एन-95 दर्जाचा मुखपट्टा वापरणे कारागिरांच्या आरोग्याच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे. तोंडाला बांधलेला रुमाल या सूक्ष्म धुळीला अडवू शकत नाही.

खोलगट भाग व रुंद सांधे बंधक लेपानंतर पॉलिमरमिश्रित मसाल्याने भरून टाइलांच्या पातळीत आणतात. रंगकामातील लांबी म्हणजे पुट्टी यासाठी वापरत नाहीत. ओलाव्याने ती फुगते व सुटते.

जलरोधन

फलक स्वतः जलरोधी असले तरी त्यांचे जोड, कडा व तोट्यांभोवतीची छिद्रे यांतून काही पाणी मागे जाण्याची शक्यता राहते. म्हणून अंगावर पाणी पडणाऱ्या भागात जलरोधी लेपाचे दोन हात देतात; दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने मारतात. भिंत व जमीन यांच्या कोनात तसेच भिंतींच्या कोपऱ्यांत कापडी पट्टी लेपात बसवतात. नागपूरच्या उन्हाळ्यात असे लेप फार लवकर सुकून तडकण्याचा संभव असल्याने काम सकाळी करतात. पावसाळ्यात उलट दोन हातांमधील अवधी वाढवावा लागतो. दिवाळीनंतरचे कोरडे महिने या कामाला सर्वांत अनुकूल समजले जातात.

चिकटद्रव्य व चौकट

लाकूडकामातील पांढरा डिंक म्हणजे पॉलिव्हिनाइल अॅसिटेट हा पाण्याने मऊ पडतो, त्यामुळे तो स्नानगृहासाठी निरुपयोगी असतो. शिरक्यासारखा वास येणारे सिलिकॉन घट्ट होताना अॅसिटिक आम्ल सोडते. ते धातूला गंज आणते व सिमेंटच्या पृष्ठभागावर नीट धरत नाही. म्हणून उदासीन प्रकारचे सिलिकॉन किंवा लवचिक पॉलिमर चिकटद्रव्य वापरतात. ते ठिपक्यांऐवजी उभ्या रेघांत लावल्यास मागे आलेले पाणी अडकून न राहता खाली उतरते.

भिंत फार असमान असल्यास पट्ट्यांच्या चौकटीवर फलक बसवतात. लकडगंजसारख्या लाकडाच्या बाजारात लाकडी पट्ट्या सहज व स्वस्त मिळतात. परंतु ओलसर भिंतीवर त्या कुजतात आणि विदर्भात सर्वत्र आढळणाऱ्या वाळवीला आमंत्रण देतात. अॅल्युमिनियम किंवा पीव्हीसीच्या पट्ट्या अधिक टिकाऊ ठरतात.

पीव्हीसीचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला सुमारे 7 गुणिले 10 चा उणे 5 वा घात इतका असतो. त्यानुसार 3 मीटर लांब फलक तापमानात 30 अंशांचा फरक पडल्यास सुमारे 6 मिमीने लांबतो. नागपुरात हिवाळा व उन्हाळा यांतील फरक इतका सहज होतो. त्यामुळे वरच्या कडेला मोकळी जागा सोडतात. खालच्या कडेला जमिनीपासून 3 ते 5 मिमी अंतर ठेवून ते लवचिक द्रव्याने भरतात. फलकही बसवण्यापूर्वी एक-दोन दिवस त्याच घरात ठेवून तेथील तापमानाला येऊ देतात.

फलक केव्हा बसवू नयेत

नळी गळत असताना, पायातून ओल चढत असताना, मोठ्या भागातील टाइला पोकळ असताना किंवा भिंतीत नव्या चिरा वाढत असताना फलक बसवणे अनिष्ट मानले जाते. अशा भिंतीत पाणी मुरत राहते, सळया गंजतात, गिलावा सुटतो आणि विजेच्या तारांपर्यंत ओल पोहोचते. डाग डोळ्यांसमोर असता तर जो दोष महिन्याभरात ध्यानी आला असता, तो फलकामागे वर्षानुवर्षे वाढतो व बहुधा शेजाऱ्याच्या भिंतीवर किंवा खालच्या मजल्याच्या छतावर प्रथम प्रकट होतो.

कायदेशीर बाजू

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 च्या कलम 14 नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. म्हणून नव्या सदनिकेत ओल असल्यास ती फलकांनी झाकण्यापूर्वी छायाचित्रांसह लेखी तक्रार करणे सदनिकाधारकाच्या हिताचे असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाचे पाणी व बाहेरील सामाईक नळ्या यांमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च संस्थेकडे, तर शौचालय, सिंक इत्यादींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च सदस्याकडे असतो. पूर्वतयारीतील तपासणीने गळतीचे मूळ निश्चित झाल्यास खर्चाविषयीचे वादही टळतात.